रेकॉर्डवरचा माणूस: रमण राघवची फाइल पोलीस कशी वाचतात आणि कोर्ट कशी

२७ ऑगस्ट १९६८. मुंबईतल्या डोंगरी भागात सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांना एक माणूस दिसला आणि तो पोलिसांकडच्या फोटोतल्या चेहऱ्याशी जुळतोय असं वाटलं. अंगात बुशशर्ट, खाली खाकी हाफपँट, बूट चिखलाने भरलेले. झडतीत निघालं ते असं: एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्ती लावायचं स्टँड, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे घेऊन जुन्या रेकॉर्डशी ताडले तेव्हा नाव पक्कं झालं: रमण राघव ऊर्फ सिंधी दलवाई.

ठसे जुळले, कारण त्याचे ठसे पोलिसांकडे आधीपासून होते. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षं तुरुंगात काढली होती. आता जरा मागे जाऊ. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गाच्या आसपास झोपड्यांत आणि फुटपाथवर झोपलेल्या १९ जणांवर रात्री हल्ले झाले. डोक्यात जड, बोथट वस्तूचा घाव. त्यातले ९ जण मेले. तेव्हाही हा माणूस त्या भागात संशयास्पद फिरताना सापडला होता आणि तेव्हाही त्याचं रेकॉर्ड होतं. पण ठोस पुरावा नव्हता, म्हणून सोडून दिला. दोन वर्षांनी खून पुन्हा सुरू झाले.

‘रेकॉर्ड असूनही सोडलाच कसा?’ हा प्रश्न पन्नासहून जास्त वर्षं विचारला जातोय. रेकॉर्ड म्हणजे काय आणि त्याने काय सिद्ध होतं हे कळलं, की या प्रश्नातला राग कमी होत नाही, पण तो नेमका कशावर काढायचा ते समजतं.

ठसा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो

ठशांचे दोन प्रकार असतात आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला म्हणजे अटकेनंतर दहाही बोटांचे मुद्दाम घेतलेले ठसे. दुसरा म्हणजे गुन्ह्याच्या जागी काचेवर, कपाटाच्या दारावर, हत्यारावर नकळत उमटलेला. पहिल्या प्रकारातले दोन संच जुळले, तर ‘हा माणूस तोच’ एवढंच कळतं. ‘हा माणूस तिथे होता’ हे सांगायला दुसरा प्रकार लागतो. १९६८ मध्ये जुळले ते पहिल्या प्रकारातले. त्याने ओळख पटली, खून सिद्ध झाला नाही.

मात्र ओळख पटणं ही लहान गोष्ट नव्हती. हा माणूस अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशा नावांनीही वावरत होता. नावाच्या क्रमाने लावलेल्या फायलींमध्ये असा माणूस सापडत नाही. म्हणूनच ठशांची कपाटं नावावर लावलेली नसत, बोटांवरच्या आकृत्यांवर लावलेली असत. ही पद्धत आपल्याच देशात घडली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं केंद्र सुरू झालं आणि वर्गीकरणाचं गणित तिथल्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलं. पद्धतीला नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं लागलं.

गणित सोपं आहे. आपण ज्याला बोटावरचं चक्र म्हणतो, तेवढंच मोजायचं. शंख किंवा कमान असेल तर शून्य. बोटांना क्रमांक द्यायचे: उजव्या अंगठ्यापासून उजव्या करंगळीपर्यंत १ ते ५, डाव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत ६ ते १०. क्रमाने दोन-दोन बोटांची जोडी धरायची: पहिल्या जोडीतल्या (१ आणि २) बोटावर चक्र असेल तर १६ गुण, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक वर लिहायची, विषम बोटांची बेरीज अधिक एक खाली. फक्त उजव्या अंगठ्यावर चक्र असेल, तर वर १ आणि खाली १७. वर ३२ आणि खाली ३२ शक्यता, म्हणजे एकूण १,०२४ खण. माणसाने नाव काहीही सांगो, त्याच्या दहा बोटांच्या ठशांची चिठ्ठी ठरलेल्या खणातच जाते. शोधणाऱ्याने तोच खण उघडायचा आणि भिंग घेऊन बसायचं.

बिघडतं ते ठसा घेताना. शाई जास्त झाली की रेषांमधली जागा भरून जाते. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं नाही, तर तीन दिशांच्या रेषा मिळतात ती कोपऱ्यातली जागा उमटत नाही, आणि तिच्याशिवाय शंख की चक्र हे नक्की सांगता येत नाही. एका बोटाची जात चुकली की चिठ्ठी भलत्याच खणात जाते. हमाली, बांधकाम, भांडी घासणं यांनी झिजलेल्या बोटांचं तर विचारूच नका.

आज हे काम संगणक करतो. २०२२ पासून देशभरचे ठसे ‘नाफिस’ या प्रणालीत जातात आणि प्रत्येक व्यक्तीला दहा अंकी क्रमांक मिळतो. त्याच वर्षी १९२० चा कैदी ओळख कायदा जाऊन नवा कायदा आला. बोटांबरोबर तळहात, पाऊल, बुबुळ यांच्याही नोंदी घेता येतात आणि त्या ७५ वर्षं ठेवता येतात. ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही असा माणूस निर्दोष सुटला, तर कोर्टाने वेगळा आदेश दिला नसेल तेव्हा नोंदी नष्ट करायच्या असतात. पण चांगला संगणकही वाईट घेतलेला ठसा सुधारत नाही.

हिस्ट्रीशीट वाचताना

पोलीस ठाण्यात ‘रेकॉर्डवरचा’ हा शब्द फार सैल वापरला जातो. कागदावर मात्र रकाने पक्के असतात: पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष, कलमं, अटकेची तारीख, कोर्टातला खटला क्रमांक आणि निकाल. बातमीत ‘त्याच्यावर १४ गुन्हे’ असं येतं, ते पहिले रकाने मोजून. वाचायचा असतो शेवटचा. त्यात ‘शिक्षा’ असेल तरच तो गुन्हा त्याने केला असं म्हणता येतं. ‘निर्दोष’ किंवा ‘प्रलंबित’ असेल तर नाही.

शेवटच्या रकान्यात ‘समरी’ही दिसू शकते. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस कोर्टाकडे अ, ब किंवा क समरी मागतात. अ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा पुरेसा नाही. ब म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. क म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार, खरीही नाही नि खोटीही नाही. मालिका खुनांच्या तपासात सोनं असतं ते अ समरीच्या गठ्ठ्यात. न उलगडलेले खून तिथेच पडून असतात आणि नवा पुरावा मिळाला की तपास पुन्हा उघडता येतो.

संशयिताचा पूर्वेतिहास हातात आला की पहिलं काम तारखांचं. एक लांब कागद घ्यायचा. वरच्या ओळीत खून आणि हल्ले तारखेप्रमाणे, खालच्या ओळीत हा माणूस तुरुंगात कधी होता ते. तो आत असताना त्याच पद्धतीचा खून बाहेर झाला असेल, तर एकतर माणूस चुकीचा किंवा तो खून दुसऱ्याचा. तो बाहेर आल्यावर खून सुरू आणि आत गेल्यावर बंद, असं दिसलं तर संशय घट्ट होतो, पुरावा अजून होत नाही.

यात घोळ होतो तो निकालपत्रातली शिक्षा धरून हिशेब केल्यामुळे. ‘पाच वर्षं सक्तमजुरी’ लिहिलेला माणूस प्रत्यक्षात पाच वर्षं आत नसतो. कच्चा कैदी म्हणून काढलेला काळ वजा होतो, चांगल्या वागणुकीची माफी मिळते, मध्ये संचित रजा (फर्लो) किंवा अभिवचन रजा (पॅरोल) असते. म्हणून तारखा घ्यायच्या त्या तुरुंगाच्या नोंदवहीतून, आणि रजेच्या तारखा वेगळ्या मागून.

दुसरं काम, जुन्या गुन्ह्याचं कलम बाजूला ठेवून त्यातली कृती वाचायची. ब्रिटनमधल्या पीटर सटक्लिफचं उदाहरण पोलिसांना आजही टोचतं. त्याने १३ स्त्रियांचे खून केले आणि जानेवारी १९८१ मध्ये गाडीला खोटी नंबरप्लेट असल्यामुळे सापडला. त्याआधी पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली होती. १९६९ मध्ये तो रात्री हातोडा घेऊन सापडला होता, पण शिक्षा झाली ती चोरीचं साहित्य बाळगल्याबद्दल. पुढे त्याच्या बळींवर घाव पडले ते हातोड्याचेच. फाइलीचं शीर्षक ‘चोरी’ असलं की खुनाचा तपास करणारा ती उघडत नाही.

कोल्हापूरच्या गावित प्रकरणातही जुना धंदा होता पाकीटमारी आणि दागिन्यांची चोरी. १९९० पासून १९९६ मध्ये पकडल्या जाईपर्यंत आई आणि दोन मुलींनी लहान मुलं पळवली, कारण चोरी करताना सापडलं तर कडेवरचं मूल ढालीसारखं वापरता येत होतं. नकोसं झालेलं मूल मारलं जाई. पाकीटमारीच्या नोंदीवरून हे कुणाला सुचणार? पण ‘दर वेळी कडेवर मूल वेगळं’ एवढी ओळ कुणी लिहून ठेवली असती, तर तिचा उपयोग झाला असता. आई खटल्याआधीच कोठडीत मेली. मुलींवरच्या पाच खुनांचा दोष सर्वोच्च न्यायालयात २००६ मध्ये कायम झाला. पुढे दयेच्या अर्जांना झालेल्या दिरंगाईमुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

रेकॉर्ड पाहण्याचा उलटा धोकाही आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्याला हादरवणाऱ्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातले आरोपी कलेचं शिक्षण घेणारे कॉलेजचे विद्यार्थी होते. दहा खून झाले. अशी मुलं सराईतांच्या यादीत शोधून सापडत नाहीत. शहरातले सगळे सराईत उचलून आणले, की हालचाल दिसते आणि वेळ जातो.

कोर्टात ही फाइल बंद का राहते

पोलिसांनी जे आधी वाचायचं, ते न्यायाधीशाने निकालापूर्वी बघायचं नाही, असा हा उलटा खेळ आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ५४, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ४९, सांगतं की आरोपीची वाईट वर्तणूक खटल्यात गैरलागू आहे. आधीची शिक्षासुद्धा त्यातच येते. अपवाद मुख्यतः एक: आरोपीने स्वतःच ‘मी सज्जन माणूस आहे’ असा पुरावा दिला, तर सरकारी वकिलाला त्याचं जुनं पुस्तक उघडता येतं. त्यामुळे हुशार बचाव वकील अशिलाच्या सज्जनपणाबद्दल चकार शब्द काढत नाही.

कारण साधं आहे. १९६६ चं रेकॉर्ड दाखवून ‘हा दरोडेखोर आहे, म्हणजे हे नऊ खून यानेच केले’ असं म्हणता आलं, तर त्या भागातला कुठलाही जुना दरोडेखोर त्या पिंजऱ्यात चालला असता.

तरी एक दार उघडं आहे. कृत्य अपघाती होतं की मुद्दाम, असा वाद असेल तर तशाच आधीच्या घटना दाखवता येतात: जुनं कलम १५, आता १३. कायद्यातच दिलेलं उदाहरण मजेदार आहे. एका माणसावर विम्याच्या पैशासाठी घर जाळल्याचा आरोप आहे. तो आधी ज्या ज्या घरात राहिला त्या प्रत्येकाचा त्याने विमा उतरवला, प्रत्येक घराला आग लागली आणि प्रत्येक वेळी पैसे मिळाले. या आगी पुराव्यात चालतात. मालिकेतल्या विषप्रयोगांना हे कलम लागू पडू शकतं, कारण तिथे बचाव ‘चुकून झालं’ असा असतो. डोक्यात लोखंड घालणाऱ्याच्या बाबतीत अपघाताचा प्रश्नच नसतो. वाद असतो तो ‘कुणी घातलं’ याचा, आणि तिथे हे कलम फारसं कामी येत नाही.

मग कबुलीजबाब? रमण राघव बरेच दिवस बोलेना. कोंबडीचं जेवण मागितलं, ते मिळाल्यावर सांगायला लागला. सांगितलेला आकडा चाळिशीच्या पुढे गेला. आमिष दाखवून घेतलेली कबुली चालत नाही, हे कायद्याच्या विद्यार्थ्याला इथे आठवेलच. पण त्याच्याही आधीचा नियम असा की पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे स्वेच्छेने दिलेला चालतो. पोलिसांपुढच्या जबाबातला फक्त तेवढाच तुकडा चालतो ज्यामुळे एखादी वस्तू सापडली: ‘हत्यार अमुक झुडपात टाकलंय’, आणि ते खरंच तिथून पंचांसमक्ष निघालं. त्यामुळे अशा तपासात पंचनामा हा प्राण असतो. पंच फितूर झाले, पंचनाम्याची वेळ स्टेशन डायरीशी जुळली नाही, किंवा जागा सगळ्यांना दिसेल अशी उघडी होती, तर हा तुकडाही ढिला पडतो.

म्हणूनच कबुलीतल्या चाळीसपेक्षा जास्त खुनांपैकी रमण राघववर खटला उभा राहिला तो मालाडच्या चिंचवली गावातल्या दोन माणसांच्या खुनाचा. वाचणाऱ्याला हे फसवणूक झाल्यासारखं वाटतं, पण सरकारी वकिलाच्या बाजूने तो व्यवहार आहे. प्रत्येक खुनाचा साक्षीदार, वैद्यकीय अहवाल, जप्ती स्वतंत्र लागते. कच्चे खटले पक्क्यासोबत बांधले तर पक्का खटलाही लांबतो. शिवाय एकाच जातीचे किती गुन्हे एका खटल्यात घ्यायचे यालाही मर्यादा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ती वर्षभरातल्या तीन गुन्ह्यांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती पाच झाली.

‘सीरियल किलर’ हा शब्द आपल्या कायद्यात कुठेच नाही. अमेरिकेच्या एफबीआयची व्याख्या वेगवेगळ्या प्रसंगी दोन किंवा जास्त माणसं मारणारा अशी आहे. आपल्याकडे प्रत्येक खून सुटा मोजला जातो.

दोष सिद्ध झाल्यावर

आधीची शिक्षा न्यायाधीशापुढे रीतसर येते ती इथे. जुन्या शिक्षेमुळे जास्त शिक्षा मागायची असेल तर ती आरोपात लिहावी लागते, पण सत्र न्यायालय ती आरोपीला वाचून दाखवतं आणि तिचा पुरावा घेतं ते नव्या गुन्ह्यात दोषी ठरवल्यानंतरच. सिद्ध करायला दोन वस्तू लागतात. एक, त्या जुन्या कोर्टाच्या निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाधिकाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र. दोन, त्या कागदावरचा माणूस आणि पिंजऱ्यातला माणूस एकच आहे याचा पुरावा. दुसरी वस्तू विसरली जाते. नाव, बापाचं नाव, गाव जुळतं म्हणून कागद जोडला जातो, आणि बचाव पक्ष शांतपणे म्हणतो की या नावाची माणसं पुष्कळ आहेत. इथे पुन्हा त्या दहा बोटांच्या चिठ्ठीकडेच यावं लागतं.

प्रलंबित खटले मात्र इथेही चालत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की आरोपीवर दुसरे खटले चालू आहेत एवढ्यावरून शिक्षा वाढवता येणार नाही. जामिनाच्या वेळी तेच प्रलंबित खटले विचारात घेतले जातात. एकच कागद, पण कोणत्या टप्प्यावर पुढे केला त्यावर त्याचं वजन ठरतं.

रमण राघवच्या खटल्यात शेवटचा वाद पूर्वेतिहासावर नव्हता, मनावर होता. २ जून १९६९ रोजी सत्र न्यायालयात खटला पुकारला गेला तेव्हाच बचाव पक्षाने अर्ज दिला, की आरोपीचं मानसिक संतुलन ठीक नाही. त्याला २८ जून ते २३ जुलैपर्यंत पोलीस सर्जनच्या निरीक्षणाखाली ठेवलं. अहवाल आला की मनोविकार नाही, आपण काय करतोय हे त्याला कळतं. नायर हॉस्पिटलच्या मनोविकारतज्ज्ञाने आर्थर रोड तुरुंगात त्याला भेटून उलट साक्ष दिली. कोर्टाने फाशी सुनावली. त्याने अपील करायला नकार दिला.

पण फाशीला उच्च न्यायालयाची मान्यता लागतेच, अपील असो वा नसो. मान्यता देण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. मंडळाने त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास तपासलं. शेवटच्या भेटीत निघताना डॉक्टरांनी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं तो म्हणाला. मंडळाचं निदान होतं बरा न होणारा, जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. फाशी जाऊन जन्मठेप झाली. तो येरवड्याला राहिला आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मेला. न्यायालयात त्याच्या नावावर सिद्ध झालेले खून दोन.